हात आधी की यंत्र आधी?

ज्या घरात ग्रामोफोन होता, त्या घरातील मुलांना एक ताकीद ठरलेली असे : तबकडी फिरत असताना तिला हात लावावयाचा नाही. सुई घसरली, तबकडीवर चरा उमटला, की मग दर फेऱ्याला तेवढ्याच ठिकाणी गाणे अडखळे आणि घरातील वडीलधारी माणसे मुलांकडे पाहात. तेव्हा फिरत्या तबकडीवर मुद्दाम हात ठेवून, ती मागेपुढे घासून, त्या घासण्याच्या आवाजालाच वाद्य मानणारी एक कला जगात आहे, आणि तिच्या साधकांनी कोणते यंत्र घ्यावे व कोणती सुई लावावी याचा गेली पन्नास वर्षे काथ्याकूट चालविला आहे, असे सांगितले तर आपणांपैकी काहींना हसू येईल. आम्हांसही प्रथम आले होते. पण या निवडीचा इतिहास तपासू लागलो, तेव्हा आढळून आले की यंत्रे आणि माणसे यांच्या नात्याविषयी जो एक समज आपण सहज धरून चालतो, तो येथे अजिबात टिकत नाही.

तो समज असा : आधी कारखान्यातून यंत्र येते, मग माणसे ते वापरावयास शिकतात. स्क्रॅचिंगच्या बाबतीत ही कथा नेहमी पुढीलप्रमाणे सांगतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘टेक्निक्स’ या नावाखाली एस्. एल्. १२०० नावाचे भक्कम टर्नटेबल काढले, ते न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील पोरांच्या हाती पडले आणि त्यातून ही कला जन्मास आली. कथा सुटसुटीत आहे. फक्त सनावळी तिच्या विरुद्ध साक्ष देते.

प्रथम यंत्राकडे पाहू. जुन्या टर्नटेबलमध्ये मोटर एका बाजूस असे आणि रबरी पट्ट्याने किंवा लहान चाकाने ती थाळीला फिरवी. पट्टा सैल पडे, चाक झिजे, आणि गाण्याचा स्वर किंचित हेलकावे. मात्सुशितातील अभियंते शुइची ओबाता यांनी मधला दुवाच काढून टाकला. मोटरचा फिरता भाग त्यांनी थाळीच्या खालीच बसविला. म्हणजे थाळी हीच मोटर झाली. यालाच ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ म्हणतात. या पद्धतीचे एस्. पी. १० हे यंत्र १९७० साली विक्रीस आले. ते होते ध्वनिक्षेपण केंद्रांसाठी व चोखंदळ श्रोत्यांसाठी. १९७१ साली एस्. एल्. ११०० आणि १९७२ साली एस्. एल्. १२०० ही यंत्रे घरगुती ग्राहकांसाठी निघाली. स्वर डळमळू नये, यंत्र वर्षानुवर्षे चालावे, हा त्यांचा हेतू. थाळी हाताने धरून ठेवणारा इसम ओबातांच्या कल्पनेत असण्याचे काहीच कारण नव्हते.

आता दुसऱ्या बाजूस चला. न्यूयॉर्कचा ब्राँक्स हा भाग त्या वेळी पार मोडकळीस आला होता. १९४८ पासून बांधावयास घेतलेल्या क्रॉस-ब्राँक्स महामार्गाने वस्त्या उभ्या चिरल्या होत्या. घरमालक इमारती सोडून जात होते, आणि पुढच्या काही वर्षांत तेथे आगींचे सत्रच सुरू झाले. याच ब्राँक्समध्ये, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीच्या समारंभ-खोलीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वीचा एक जलसा भरविला. रेकॉर्डी वाजविण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह होता. तो मूळचा जमेकाचा, १९६७ साली अमेरिकेत आलेला. ‘कूल हर्क’ या नावाने त्यास लोक ओळखतात. त्याने एक गोष्ट हेरली होती. नाचणारी मंडळी सबंध गाण्यावर नव्हे, तर गाणे थांबून नुसते ढोल वाजतात त्या मधल्या तुकड्यावर बेभान होत. तो तुकडा असे काही सेकंदांचा. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवी आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करी. आपल्याकडे मुखडा पकडून तबला पुन्हा पुन्हा समेवर यावा, तसा काहीसा प्रकार होता तो. त्याच्यापाशी यंत्रे होती ती टेक्निक्सचीच, पण ११०० या जातीची. हर्कने मात्र तबकडी घासली नाही. तो सुई उचलून अंदाजाने ठेवी, आणि अंदाज चुके.

ही चूक ज्याला सहन होईना तो जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश. हा व्यावसायिक शाळेत विजेच्या उपकरणांचे शिक्षण घेत होता आणि लहानपणापासून घरातील यंत्रे उघडून पाहण्याची त्यास खोड होती. या सबंध इतिहासात निवड या शब्दाला खरा अर्थ कोणी दिला असेल तर तो याने, असे आमचे मत आहे. यंत्र दिसते कसे किंवा त्याचा आवाज किती गोड, हे त्याने पाहिलेच नाही. थाळी थांबवून सोडली की ती पुन्हा पूर्ण वेगावर किती लवकर येते, एवढेच तो पाही. तबकडीवर खडूने खूण करून, किती फेरे मागे फिरविले की ढोलांचा आरंभ सापडतो, हे त्याने घड्याळाच्या काट्यासारखे बसविले. परंतु तबकडी मागे फिरवावयाची तर खालची थाळीही अडते; यंत्रांबरोबर येणारी रबराची चटई तबकडीस घट्ट धरून ठेवी. फ्लॅशची आई शिवणकाम करी. त्याने नमद्याचे कापड आणले, तबकडीच्या आकाराचे कापले आणि आईच्या खळीने व इस्त्रीने ते कडक केले. आता वर तबकडी हाताने थोपवावी, खाली थाळी आपल्या वेगाने फिरत राहावी, आणि हात सोडताच तबकडीने क्षणात वेग घ्यावा, हे साधले. आज दुकानातून ‘स्लिपमॅट’ म्हणून जी चकती विकत मिळते ती याच जातीची आहे.

आणि मग घासणे. थिओडोर लिव्हिंग्स्टन, ज्याला ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणतात, हा वयाने लहान मुलगा घरी मोठ्याने रेकॉर्डी लावून बसला असता आई दारात येऊन रागावू लागली. तिचे बोलणे ऐकताना त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली आणि नकळत मागेपुढे हलविली. कानाला लावलेल्या हेडफोनमधून त्याला जो आवाज ऐकू आला, तो त्याने पुढे तालात बसविला. ही घटना कोणी १९७५ ची सांगतात, कोणी १९७७ ची. आमच्या मुद्द्यास कोणतेही वर्ष चालेल. कारण ज्याला आज ‘डीजेंचे यंत्र’ म्हणतात ते एस्. एल्. १२०० एम्-के २ बाजारात आले १९७९ साली.

या यंत्राच्या अंगी काय होते ते पाहिले म्हणजे कोण कोणाच्या मागून गेले हे स्पष्ट होते. वेग कमीजास्त करण्यासाठी आधीच्या १२०० वर लहान बटणे होती. एम्-के २ वर हाताखाली सरकणारी लांब पट्टी आली, तिने आठ टक्के वर किंवा खाली जाता येई. वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाचे नियंत्रण आले. सुरू करताच ०.७ सेकंदात थाळी पूर्ण वेगावर येई. तळ जड रबराचा केला, म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांनी जमीन हादरली तरी सुई उडू नये. सबंध यंत्राचे वजन सुमारे साडेबारा किलो. दिवाणखान्यात बसून गाणे ऐकणाऱ्यास यातील निम्म्या गोष्टींचा उपयोग नव्हता. कंपनीच्या अभियंत्यांनी डिस्कोंतील माणसे आपले यंत्र कसे हाताळतात हे पाहिले होते आणि त्या हातांसाठी यंत्र पुन्हा घडविले होते. डिस्कोवाले घासत नसत, हे खरे; पण घासणाऱ्यांना हवे होते तेच त्यांनाही हवे होते. हात आधी होता. यंत्र त्याच्यामागून आले.

सुईची हकीकत याहून निराळी, आणि आमच्या मते अधिक मनोरंजक आहे.

जुन्या ग्रामोफोनचे डोके तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भाराने टेकलेले असे, आणि पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागे. पुढे विजेच्या कार्ट्रिजचा काळ आला. कार्ट्रिज म्हणजे सुईची थरथर विजेच्या लहरीत बदलणारी डबी. त्या काळात सुईवरील भार जितका कमी तितके यंत्र श्रेष्ठ असे मानू लागले. चोखंदळ श्रोते एक-दीड ग्रॅमवर आले. सुईचे टोकही लंबवर्तुळाकार घासू लागले, कारण तसे टोक खाचेतील बारीक नागमोडी वळणे अधिक नेमकी वाचते. परंतु अशी सुई उलट फिरविली तर तिच्या धारेने खाचेची भिंत खरवडली जाते. घासणाऱ्यास हवे साधे गोल टोक, जे मागे-पुढे दोन्हीकडे सारखेच चालेल. हवा जाडसर दांडा, जो हिसक्याने वाकणार नाही. आणि हवा तीन ग्रॅमच्या आसपास भार. म्हणजे श्रवणशास्त्राने जे जे मागासलेले ठरविले होते, नेमके ते ते.

असे कार्ट्रिज कोणास नव्याने बनवावे लागले नाही. अमेरिकेच्या शूर कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच एम् ४४ या मालिकेची कार्ट्रिजे काढली होती. त्यांतील एम् ४४-७ हे दीड ते तीन ग्रॅम भारावर चाले आणि ९.५ मिलिव्होल्ट इतका जोरकस संकेत देई. सामान्य कार्ट्रिज याच्या निम्म्याने देते. बारकाव्यांच्या शर्यतीत ते केव्हाच मागे पडले होते. पण घासणाऱ्यांनी ते लावून पाहिले तेव्हा सुई खाचेतून उडेना. वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून असलेली वस्तू एका नव्या कलेची लाडकी झाली आणि पुढे कंपनीच तिची जाहिरात स्क्रॅच करणाऱ्यांसाठी करू लागली. तेव्हा येथे यंत्र हातामागून आले असे म्हणता येत नाही. यंत्र आधीच होते, पण त्याचे गुण कोणते हे ठरविणारा हात मागून आला. आमचा पहिला निष्कर्ष त्यामुळे थोडा दुरुस्त करावा लागतो, आणि तो आम्ही आनंदाने करतो.

१९८१ साली फ्लॅशने तीन टर्नटेबलांवर वाजविलेल्या करामतीची रेकॉर्ड निघाली. तिच्यात टर्नटेबल हेच वाद्य होते. १९८३ साली हर्बी हॅनकॉक या नामांकित जॅझ वादकाच्या ‘रॉकिट’ या रचनेत ग्रँडमिक्सर डी. एस्. टी. याने घासण्याची साथ केली, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी समारंभात ती दूरचित्रवाणीवर सबंध अमेरिकेने पाहिली. त्यानंतर ही विद्या कॅलिफोर्नियातील फिलिपिनो वंशाच्या मुलांपर्यंत, इंग्लंड-जपानपर्यंत गेली. स्पर्धा भरू लागल्या. स्पर्धक यंत्र नव्वद अंशांत फिरवून ठेवू लागले, म्हणजे सुईचा दांडा हाताच्या वाटेतून दूर, पलीकडच्या बाजूस जातो. व्हेस्टॅक्स या जपानी कंपनीने तर वाकडा दांडा सोडून सरळ दांड्याची यंत्रे काढली. वाकड्या दांड्याने सुई खाचेशी योग्य कोन राखते खरी, पण तिला आतल्या बाजूस एक ओढ लागते आणि हिसक्यात ती उडते. सरळ दांड्यात ती ओढ कमी. मोबदल्यात तबकडी अधिक झिजते.

या झिजेविषयी थोडे बोलले पाहिजे. ही कला आपले साहित्य खाऊन जगते. एकाच जागी हजारदा घासल्यावर तेथील खाच भाजल्यासारखी होते आणि स्वराऐवजी खरखर ऐकू येते. दोन-दोन प्रती विकत घ्याव्या लागत त्या केवळ तालासाठी नव्हे. २००४ साली सेराटो कंपनीची अशी पद्धत आली की तबकडीवर गाणे नसून एक संकेतध्वनी असतो, सुई तो वाचते, आणि गाणे संगणकातून वाजते. झीज थांबली नाही, पण दुर्मिळ गाणे झिजण्याची भीती गेली. यावर हळहळणारे जुने लोक आहेत. आम्हांस मात्र यात विशेष दिसते ते हे की, गाणे तबकडीतून निघून गेले तरी वाजविणाऱ्यांनी तबकडी, थाळी आणि सुई सोडली नाही.

सोडली ती कारखानदारांनी. तीस लाखांहून अधिक यंत्रे विकल्यानंतर २०१० साली टेक्निक्स १२०० चे उत्पादन थांबले. व्हेस्टॅक्सचे २०१४ साली दिवाळे निघाले. २०१८ साली शूरने कार्ट्रिजे बनविणे बंद केले आणि एम् ४४-७ च्या उरल्यासुरल्या डब्यांची किंमत चढू लागली. जी कला दुसऱ्यांसाठी केलेल्या वस्तूंवर उभी राहिली, तिला या वस्तू आपल्या हाती नाहीत हे प्रथमच एवढ्या कठोरपणे कळले. सतार करणारा मिरजेचा कारागीर आणि सतार वाजविणारा यांची समोरासमोर गाठ पडू शकते. ब्राँक्समधील मुलगा आणि ओसाकाचा अभियंता यांची ती कधीच पडली नव्हती.

टेक्निक्सने २०१६ साली १२०० पुन्हा आणले ते प्रथम अवघ्या १२०० नगांच्या महागड्या आवृत्तीत, चोखंदळ श्रोत्यांसाठी. ज्यांच्या हातांनी या यंत्राला नाव मिळवून दिले, त्यांच्यापैकी कितीजणांना ते परवडले असते हा प्रश्नच आहे. वाजविणाऱ्यांसाठीचे एम्-के ७ यावयास २०१९ साल उजाडले. त्यात थाळी उलट दिशेने फिरविण्याची सोय आहे आणि, आपल्या घरांतील जुन्या तबकड्यांचा तो मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेगही आहे. शूरच्या सुईची उणीव भरून काढली ती जिको या जपानी कारखान्याने. एम् ४४-७ ला बसणाऱ्या सुया तो आजही करतो. हा कारखाना १८७३ साली सुरू झाला तेव्हा तेथे शिवणकामाच्या सुया बनत असत.