डोमेनविना दहा संगणक

बारामतीहून एसटीनं लासुर्ण्याला यायचं, एका संगणकावरचा अडकलेला प्रिंट काढायचा आणि पुढच्या गाडीनं परत जायचं, असे दिवस आम्ही बरेच काढलेत. दहा संगणकांचं ऑफिस. त्याला सर्व्हर कोण घेऊन देणार? म्हणून ‘इथे बसून तिथलं काम’ या गोष्टीचा इतिहास आम्हाला जवळचा वाटतो.

आपल्याकडे याची मोठी सुरुवात वारणेची. 1998 साली वारणानगर परिसरातली 70 गावं संगणकानं जोडायचं ठरलं. 54 केंद्रं उभी राहिली, उसाच्या नोंदी तिथे मिळू लागल्या. पण वीज, फोनलाइन आणि दुरुस्ती या तिघांनी दमवलं. 2007 च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं गेलं. यंत्र बसवणं सोपं, सांभाळणं अवघड, हे तिथे आधी कळलं.

त्याच 1998 मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून व्हीएनसी फुकट बाहेर आलं. दुसऱ्याचा पडदा आपल्या पडद्यावर! दोन वर्षांनी विंडोज 2000 बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. डोमेन म्हणतात ते हेच. वेबसाइटचं नाव नव्हे बरं का. सगळ्यांची ओळख एका सर्व्हरवर ठेवायची, बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास टाकायचा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांचा ‘वर्कग्रुप’. तिथे प्रत्येक संगणक आपल्यापुरता राजा, शेजारच्याला ओळखत नाही.

आता गंमत बघा. 2001 च्या एक्सपीत रिमोट डेस्कटॉप आलं, पण होम आवृत्तीच्या संगणकाला बाहेरून हात लावता येत नसे. त्याला प्रोफेशनल लागे. आणि वर्कग्रुपमधल्या प्रोफेशनलवर पासवर्ड बरोबर दिला तरी फाइलींच्या वाटेनं येणाऱ्याला तो ‘गेस्ट’ म्हणूनच आत घेई. पाहुण्याला दुरुस्ती कशी करू देणार? ती सेटिंग बदलली, तोवर व्हिस्टा आला. त्यानं दुरून येणाऱ्या स्थानिक अ‍ॅडमिनचे अधिकारच छाटले. मग रजिस्ट्रीत एक नोंद घालायची आणि सगळ्या संगणकांवर एकच अ‍ॅडमिन खातं, एकच पासवर्ड. नावं जुळली की एक संगणक दुसऱ्याला आत घेतो. पीएसएक्सेकनं बसल्या जागी दहाही ठिकाणी आज्ञा सुटते. आमची एसटी वाचली. खरं सांगायचं तर आम्ही खूष होतो.

27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. न्हावा शेवा बंदरातल्या, मर्स्क समूह चालवत असलेल्या टर्मिनलचं काम त्यानं विस्कळीत केलं. तो पसरला कसा, हे वाचताना आम्हाला घाम फुटला. विंडोजमधल्या त्रुटीचा वापर तर त्यानं केलाच. शिवाय एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि पीएसएक्सेकनंच पुढच्या संगणकात शिरायचं. म्हणजे आमचीच हत्यारं, आमचीच पद्धत! लासुर्ण्यात एक संगणक लागला असता तर दहाही जाणार होते, आणि त्यात सभासदांची खाती होती.

यावर उपाय 2015 मध्येच निघाला होता. लॅप्स. प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड, तोही आपोआप बदलणारा. फक्त त्याला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी लागे. म्हणजे ज्याच्याकडे सर्व्हर आहे त्यालाच छत्री, आपण भिजायचं.

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा एसटीनं आलो. रजिस्ट्रीतली ती नोंद काढली, दहा संगणकांना दहा पासवर्ड दिले आणि राउटरवर बाहेरून उघडी ठेवलेली वाट बंद केली. व्यवस्थापक म्हणाले, ‘‘साहेब, एवढं लक्षात कोण ठेवणार?’’ शंभर पानी वही आणली, पासवर्ड हातानं लिहिले आणि ती तिजोरीत ठेवली. पडदा बघायचा असेल तर समोरच्या माणसानं फोनवर ‘हो’ म्हटल्यावरच आम्ही जोडतो. वेळ जास्त लागतो. मार्चअखेरीला तर फारच.