सूत आणि मिलिमीटर

आमच्या धामणगाव बढे गावाकडे सुतार फळीची जाडी सुतात सांगतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर.

१९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. मी वर्गात मीटर शिकवत असे, तर सुताराची मुलं घरी फूट-इंच ऐकत. दोन्ही खरंच होतं.

घोळ होतो तो जाडीत. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर. दुकानातलं ‘पाऊण इंची’ प्लायवूड मात्र बहुधा १८ मिलिमीटरचं असतं. सहा सुताची खाच पाडली, तर ते तिच्यात खुळखुळतं. म्हणून आधी फळी मोजावी, मगच खाच पाडावी.