डिग्रीच्या पाठीवरचे शिक्के



आखातात नोकरी केलेल्या कुणाचंही पदवी प्रमाणपत्र उलटं करून पाहा. पुढे कुलगुरूंची एक सही आणि मागे शिक्क्यांची जत्रा. १९९४ साली मस्कतला येताना माझ्या प्रमाणपत्रावर चार उमटले, त्यातले दोन एकमेकांवर चढलेत. त्या शिक्क्यांच्या इतिहासाबद्दल थोडं.

क्रम असा असे: आधी मंत्रालय, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय, मग ज्या देशात जायचं त्याची वकिलात, आणि इथे उतरल्यावर इथलं परराष्ट्र खातं. गंमत म्हणजे यातला प्रत्येक जण आधीच्या साहेबाची सही तेवढी ओळखायचा. विद्यापीठाला विचारलंच तर अगदी सुरुवातीला. पुढे सगळी सहीवर सही.

यातली वकिलातीची पायरी वाचवणारा अपॉस्टिलचा करार हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झाला होता. भारतासाठी तो लागू झाला १४ जुलै २००५ ला, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं आपण रांगेत. ओमान २०१२ मध्ये आलं, सौदी तर डिसेंबर २०२२ मध्ये. पण अपॉस्टिलसुद्धा सही कुणाची, कोणत्या अधिकारात केलेली आणि शिक्का कुणाचा एवढंच सांगतं. कागदातला मजकूर खरा की खोटा, याची हमी त्यात नाही. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतं.

या फटीतून काय शिरू शकतं ते मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवलं. कराचीची एक्झॅक्ट नावाची कंपनी अस्तित्वातच नसलेल्या विद्यापीठांच्या पदव्या विकत होती. गिऱ्हाइकाला आणखी पैसे मोजून अमेरिकन परराष्ट्र खात्याचं, जॉन केरींच्या सहीचं प्रमाणपत्रही मिळे. शिक्क्यांचा शिक्का म्हणा ना!

भारतात शेअर डीमॅट झाले ते १९९६ च्या कायद्याने. पदव्यांची पाळी यायला आणखी वीसेक वर्षं लागली. २०१७ साली राष्ट्रीय शैक्षणिक भांडार सुरू झालं तेव्हा ते काम शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल आणि सीडीएसएल यांच्याकडेच दिलं होतं. पुढे ते २०१५ पासून चालू असलेल्या डिजिलॉकरवर गेलं. माझ्या मते यातला खरा बदल कागद जाऊन पडदा आला हा नव्हेच. नोंद विद्यापीठ स्वतः चढवतं, त्यामुळे प्रश्न पुन्हा जिथे विचारायला हवा तिथे जातो. मधले साहेब गळाले.

पण विद्यापीठाने चढवलं तेवढंच तिथे दिसतं. माझी १९८९ ची पदवी दिसत नाही. ती आहे जाडजूड रजिस्टरात, हाताने लिहिलेली. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींची तर दुहेरी पंचाईत: नोंद सापडली तरी ती माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. आणि आता संगणकावर दिसलं नाही की समोरचा एचआरवाला पोरगा आधी शंका घेतो, मग विचारतो. पूर्वी कागद पाहून निदान खुर्ची तरी द्यायचे!

नोकरीच्या अनुभवाचं आणखी अवघड. भारतात २०१४ मध्ये प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन आला, त्यामुळे कोण कुठे किती महिने होता ते आता कळतं. मूळ हेतू तो नसला तरी बॅकग्राउंड चेकवाले त्यावरच विसंबतात. त्याआधीचं काय? लालबाग-परळच्या गिरणीत शिफ्ट सांभाळून इकडे आलेले इंजिनियर मला माहीत आहेत. गिरणी बंद, जागेवर टॉवर, आणि अनुभवाचा पुरावा म्हणजे टाइपरायटरवरचं एक पिवळं पत्र. त्याची पडताळणी करणार कुणाकडे?

येत्या सुट्टीत घरी जाणाऱ्यांनी एक दिवस विद्यापीठासाठी ठेवावा आणि रजिस्टर जागेवर आहे तोवर ट्रान्सक्रिप्ट काढून घ्यावं, असं मला वाटतं. आणि कुणाची १९९० पूर्वीची पदवी डिजिलॉकरमध्ये दिसत असेल तर विद्यापीठ आणि साल जरूर कळवा.