फीच्या आधी भाकरी
कॉलेजसाठी मदत म्हटली की आपल्याला आधी फी आठवते. महाराष्ट्राचा इतिहास मात्र सांगतो की गरीब मुलाचे शिक्षण अडत होते ते शहरातल्या राहण्या-जेवणापाशी. पुण्यात माधुकरी मागून, वार लावून शिकण्याची रीत होती. पण ती वाट बहुतांशी ब्राह्मण मुलांनाच खुली होती. इतरांसाठी दार उघडले ते वसतिगृहांनी. १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा अनेक समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही त्या मदतीचे मोल दरमहा मिळणाऱ्या निर्वाहाच्या रकमेत होते.

जातवार वसतिगृहांनी जातिभेद घट्ट केला, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण ज्या समाजात एका पंगतीला बसणेही निषिद्ध होते, तेथे ती पहिली पायरी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवायला बसवून पुढची पायरी गाठली आणि १९४७ च्या शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग रुजवला. श्रमाने अभ्यासाचा वेळ जातो हे खरे, पण श्रमाची सोय नसती तर अनेकांना अभ्यासच मिळाला नसता. म्हणून खाणावळीचा खर्च न मोजणारी शिष्यवृत्ती आजही अपुरीच म्हटली पाहिजे.