फोटोतली मोटार कोणती?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओवरून जुन्या फोटोंविषयी बोलायचे म्हणजे अंधारात रांगोळी दाखवण्यासारखे आहे. तरी आज ते धाडस करतो.

समजा, अमेरिकेतल्या एका घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पिवळा पडलेला फोटो सापडला. मागे लाकडी घर, पुढे चिखलाचा रस्ता आणि रस्त्यावर एक उघडी मोटार. स्टिअरिंगमागे मिशाळ गृहस्थ, शेजारी मोठ्या हॅटवर ओढणी बांधलेल्या बाई. फोटोच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘आजोबा, फोर्ड, 1903’. आता आजोबा वारले 1905 साली आणि मोटार निघाली 1912 ची, तर मग स्टिअरिंगमागे बसलेला हा माणूस कोण? मोटारीचे नाव शोधायचे ते एवढ्यासाठी. घरातल्यांना मोटारीशी फारसे देणेघेणे नसते.

पण नाव शोधणे सोपे नाही. आपल्याला फोर्ड, कॅडिलॅक, पॅकार्ड अशी पाचदहा नावे ठाऊक असतात. त्या काळच्या अमेरिकेत सायकलवाले, बग्ग्या करणारे सुतार, पंप बनवणारे लोहार, जो तो मोटारीच्या धंद्यात उतरत होता. काहींच्या हातून जेमतेम डझनभर गाड्या बाहेर पडल्या आणि दुकान बंद झाले. बेव्हर्ली रे किम्स आणि हेन्री ऑस्टिन क्लार्क यांनी 1942 पर्यंतच्या अमेरिकन मोटारींचा जाडजूड कोश 1985 साली प्रसिद्ध केला, त्यात अशी हजारो नावे आहेत. त्यातून भर अशी की पुष्कळ कारखानदार इंजिन एकाकडून घेत, आस दुसऱ्याकडून, गिअर तिसऱ्याकडून आणि सगळे जुळवून वर आपली पाटी ठोकत. त्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या गाड्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात.

म्हणून जाणकार आधी नाव शोधत नाहीत, काळ शोधतात. मागच्या आसनांवर चढायला दार पाठीमागून असेल, तर गाडी साधारण 1905 च्या आसपासची किंवा त्याआधीची. पुढच्या आसनाला दारे दिसली, तर ती बहुधा 1911-12 नंतरची. त्याआधी चालकाचे पाय वाऱ्यापावसात उघडेच असत. मोठे पितळी दिवे आणि त्यांना जोडलेली नळी दिसली की समजावे, कार्बाइडचा गॅस जळतो आहे. कॅडिलॅकने 1912 च्या गाडीत विजेचे दिवे आणि हँडल न मारता सुरू होणारे इंजिन दिले, तेव्हापासून ही नळी मागे पडत गेली. टायर पांढरे असतील तर आश्चर्य नको. रबरात काजळी मिसळण्याची पद्धत 1910 नंतरच रुळली.

अर्थात या खुणांचा एकाच बाजूने उपयोग होतो. अमुक वर्षाच्या आधीचा हा फोटो नाही, एवढेच मोटार सांगते. 1904 ची गाडी 1915 साली कोणी चालवत नसेलच असे नाही. जुन्या गाडीला नवे दिवे बसवणारेही होतेच.

काही गाड्या मात्र लांबूनच हाक मारतात. ब्रश नावाची छोटी गाडी घ्या. इतरांच्या गाड्या पाट्यांच्या कमानींवर झुलत असताना हिच्या चारही कोपऱ्यांना गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या आणि आस चक्क लाकडाचे. शिकागोची होल्समन म्हणजे घोडा सोडलेली बग्गीच. उंच चाके, वर भरीव रबर, आणि मागची चाके फिरायची ती दोराने! खेड्यातल्या चिखलात मात्र ती उंच चाके कामाची होती. पिअर्स-ॲरोने 1914 च्या सुमारास पुढचे दिवे थेट मडगार्डमध्ये बसवले, त्यामुळे ती ओळखता येते. पण ज्या गिऱ्हाइकांना ते आवडत नसे, त्यांना साधे दिवेही मिळत. म्हणजे मडगार्डवर दिवे नाहीत म्हणून पिअर्स-ॲरो नव्हे, असे म्हणायची सोय नाही.

सिरॅक्यूसची फ्रँकलिन हवेने थंड होई, म्हणून तिला रेडिएटर नाही. पण रेडिएटर दिसत नाही म्हणजे फ्रँकलिन, असे म्हटले की फसलात. शवपेटीच्या आकाराचे नाक असलेली स्टॅनली वाफेवर चाले, तिलाही पुढे रेडिएटर नसे. काही गाड्यांत तो इंजिनाच्या मागे दडलेला असे.

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे होते. फोर्डने 1908 साली मॉडेल टी मध्ये ते डावीकडे आणले आणि काही वर्षांत इतरांनी तोच कित्ता गिरवला. हट्टी पिअर्स-ॲरो 1920 पर्यंत उजवीकडेच राहिली. म्हणजे खूण उत्तम. पण काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की उजवे डावे होते! म्हणून आधी नंबरप्लेट पाहायची, दुकानाची पाटी पाहायची. यातले काहीच नसेल तर गृहस्थांचा कोट पाहायचा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. ती उलट दिसली तर फोटोच उलटा आहे. (आपल्याकडच्या अल्बममध्ये ही स्टिअरिंगची खूण चालत नाही. इथे डावीकडून वाहतूक, त्यामुळे अमेरिकन गाड्याही उजव्या स्टिअरिंगच्या येत.)

रंगावर तर मुळीच विसंबू नये. त्या काळच्या प्लेटांना तांबडा रंग दिसतच नसे. लालभडक गाडी फोटोत काळी येई, निळी पांढुरकी होई.

आता त्या ‘फोर्ड, 1903’ कडे वळू. 1902 साली हेन्री फोर्ड स्वतःच्याच नावाची कंपनी सोडून गेले. भांडवलदारांनी हेन्री लीलंड यांना बोलावले आणि त्याच कंपनीचे नाव कॅडिलॅक झाले. पुढच्या वर्षी फोर्ड यांनी नव्या कंपनीतून पहिले मॉडेल ए काढले. त्या वर्षीची कॅडिलॅक आणि फोर्ड शेजारी उभ्या केल्या तर अनेकांचा गोंधळ उडेल. मुख्य फरक आसनाखाली, एकीला एक सिलिंडर आणि दुसरीला दोन. फोटोत तेच दिसत नाहीत.

आपल्या फोटोत मात्र तो वादच उद्भवत नाही. पुढे दारे आहेत, कार्बाइडचे दिवे आहेत, स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि कोट सरळ आहे. म्हणजे 1903 नव्हे. इतक्या उशिराची आणि उजव्या स्टिअरिंगची, तेव्हा फोर्डही नव्हे. रेडिएटरवरची पाटी बाईंच्या हॅटच्या सावलीत गेली आहे. चाकाचे आरे मोजावेत, हबकॅपचा आकार भिंगाखाली पाहावा, कोशातल्या चित्रांशी ताडावा. एवढे करूनही नाव हाती लागले नाही, तर ‘अमेरिकन मोटार, सुमारे 1911 ते 1914, कंपनी अज्ञात’ असे लिहून थांबावे.

मोठ्या संग्रहांतही हेच चालते. न्यू यॉर्कच्या बेन वृत्तसंस्थेच्या सुमारे 40,000 काचेच्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. 2008 पासून ग्रंथालयाने त्यांतले फोटो इंटरनेटवर लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. लोक माहिती कळवतात, कर्मचारी ती तपासतात आणि खात्री पटली तरच नोंद बदलतात.

आणि हो, पाठीवरची पेन्सिलीची ओळ खोडू नये. साल चुकले, फोर्डही चुकली, पण ‘आजोबा’ बरोबर असू शकते. आजोबा दोन असतात. लिहिणाऱ्याने कोणते म्हटले होते, ते आता दुसऱ्या घरच्या ट्रंकेत पाहावे लागेल.