मंडईतला भाव

आम्हा जुन्या पुणेकरांना नगरपालिकेच्या ठरावांपेक्षा मेथीच्या जुडीत रस अधिक. पिशवी घेऊन मंडईत जावे, भाव करावा आणि ओळखीच्या बाईने वर चार मिरच्या टाकाव्यात, याहून सकाळचे दुसरे सुख ते कोणते? पण या सुखामागे एक वाद आहे.

पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरे. त्यासाठी मोठी इमारत बांधण्याची गोष्ट निघाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सभासद होते. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. (१८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे जोतीराव ते हेच.) विरोध टिकला नाही. १८८६ साली दगडी मंडई उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले.

आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्यांनी खर्च नको म्हटले, त्यांच्याच नावाच्या छपराखाली आम्ही कोथिंबिरीसाठी घासाघीस करतो! फुल्यांचा राग दगडांवर नसावा. कर भरणाऱ्या गरिबाचे पोर शाळेबाहेर का, हा त्यांचा सवाल होता. हल्ली पिशवी भरता भरता आम्ही भाजीवाल्या बाईंना नातीच्या शाळेचे विचारतो.