आयाकुचोची पेटी

पेरूच्या अँडीज पर्वतरांगांतल्या आयाकुचो प्रदेशाची ओळख गेली कित्येक दशके एका लाकडी पेटीशी जोडली गेली आहे. तिचे आजचे नाव रेताब्लो. समोर फुले रंगवलेली दोन कवाडे, माथ्यावर त्रिकोणी शिखर, आत एकावर एक मजले आणि त्यांवर बोटभर उंचीच्या मूर्तींची दाटी, अशी तिची घडण. मूर्तींसाठी उकडलेला बटाटा आणि जिप्समची पूड एकत्र मळतात. कारागीर त्यातला थोडासा गोळा घेतो, चिमटीने धड आणि हातपाय वळतो, टोकदार काडीने डोळे, बोटे, पोंचोची किनार उठवतो आणि वाळल्यावर रंगवतो. पेरूच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत भीषण वर्षे याच बटाट्याच्या मूर्तींनी जपून ठेवली आहेत.

स्पॅनिश मिशनरी खेडोपाडी फिरताना सोबत नेण्याजोगे छोटे देव्हारे बाळगत. अँडीजमधल्या क्वेचुआभाषक पशुपालकांनी ती कल्पना उचलली आणि आपल्या गरजेप्रमाणे वळवून घेतली. 'सान मार्कोसची पेटी' म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार गुरांना डाग देण्याच्या सणात मांडला जाई. समोर कोकाची पाने आणि मक्याची चिचा दारू ठेवून कवाडे उघडत. वरच्या मजल्यावर संत असत आणि प्रत्येकाकडे एकेका जनावराची राखण असे: संत मार्क बैलांचा, संत जॉन मेंढ्यांचा, संत अ‍ॅग्नेस शेळ्यांची. खालच्या मजल्यावर माणसांचे जग. तिथले एक ठरलेले दृश्य विशेष लक्ष देण्यासारखे आहे. गुरे चोरल्याचा आळ आलेला शेतकरी झाडाला बांधलेला, जमीनदारासमोर त्याला फटके बसताहेत आणि त्याची बायको गयावया करते आहे. पूजेच्या पेटीतच अन्यायाची नोंद होती. पुढे या कलेने जे वळण घेतले त्याचे बीज या खालच्या मजल्यात आहे.

या पेट्या गावोगाव पोहोचत त्या खेचरांचे तांडे हाकणाऱ्या व्यापाऱ्यांमार्फत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटाररस्ते आले, तांडे बंद पडू लागले आणि पेट्यांची मागणीही आटली. १९४०च्या दशकात राजधानी लिमाची चित्रकार अलिसिया बुस्तामान्ते आयाकुचोत आली तेव्हा हे काम जाणणारे मोजकेच उरले होते. त्यांतले प्रमुख होआकिन लोपेस अन्ताय (१८९७–१९८१). अलिसियाने त्यांना संतांऐवजी जत्रा, सुगी, टोप्यांचे दुकान असे रोजच्या जगण्यातले विषय घेण्यास सुचवले. पेटी आता शहरी दिवाणखान्यासाठी बनू लागली आणि रेताब्लो हे नावही याच काळात रुळले. कादंबरीकार आणि मानववंशशास्त्रज्ञ होसे मारिया आर्गेदास यांनी १९५८ मध्ये लोपेस अन्ताय यांच्यावर सविस्तर लिहिले.

१९७५ सालचा कलेसाठीचा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार लोपेस अन्ताय यांना जाहीर झाला आणि लिमात वादळ उठले. व्यावसायिक चित्रकार-शिल्पकारांच्या संघटनेने जाहीर निषेध केला. कारागिरी म्हणजे कला नव्हे, हा त्यांचा मुद्दा. वाद दिसायला सौंदर्यशास्त्राचा होता, पण त्याच्या मुळाशी देशाच्या संस्कृतीचे प्रतिनिधित्व कोणी करायचे हा प्रश्न होता: युरोपीय परंपरेत शिकलेल्या लिमाने, की डोंगरातल्या मेस्तिसो (मिश्रवंशीय) आणि क्वेचुआ माणसाने? पुरस्कार कायम राहिला, आणि ते योग्यच झाले.

पाच वर्षांनी, १७ मे १९८० रोजी, आयाकुचोतल्याच चुस्ची गावात सेंदेरो लुमिनोसो या माओवादी संघटनेने निवडणुकीच्या मतपेट्या जाळल्या आणि सशस्त्र संघर्षाला तोंड फुटले. डिसेंबर १९८२ मध्ये सरकारने प्रदेश लष्कराच्या ताब्यात दिला. गावकरी दोन्ही बाजूंनी भरडले गेले. सत्य आणि समेट आयोगाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालात १९८० ते २००० या काळातील मृत आणि बेपत्ता व्यक्तींची संख्या अंदाजे ६९,२८० धरली आहे. नोंदवलेल्या बळींपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या आयाकुचोतले होते. दर चारांतल्या तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा अन्य एखादी मूळनिवासी भाषा होती. एवढी माणसे जात असताना राजधानीला त्याची धग फार उशिरा जाणवली, हे आयोगाने स्पष्ट नोंदवले आहे.

हा काळ पेटीत आणणाऱ्यांत एदिल्बेर्तो हिमेनेस किस्पे यांचे काम सर्वांत मोलाचे आहे. १९६१ मध्ये आल्कामेन्का गावात त्यांचा जन्म झाला. वडील फ्लोरेन्तिनो आणि भाऊ निकारिओ हेही नामांकित रेताब्लोकार. एदिल्बेर्तो यांनी आयाकुचोच्या विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकून घेतले आणि ऐंशीच्या दशकात, संघर्ष चालू असतानाच, हत्या, छळ आणि बेपत्ता माणसे यांवर पेट्या घडवल्या. त्यांत जुनी मांडणी तशीच आहे: मजले, मूर्तींची गर्दी, फुलांची कवाडे. फरक आतल्या माणसांत आहे. बंदूकधारी, हात मागे बांधलेले पुरुष, त्यांच्याकडे धावणाऱ्या बायका. झाडाला बांधलेला तो जुना शेतकरी इथे शेकडोंच्या संख्येने परत येतो.

नव्वदच्या दशकात ते चुंगी या दुर्गम तालुक्यात गेले. रस्ता नसलेल्या, रानाने वेढलेल्या या भागात सेंदेरोने अख्खी गावे जंगलात हलवली होती आणि लष्कराच्या तुकड्या त्यांच्या मागावर होत्या. तिथे कॅमेरा पोहोचलाच नव्हता. एदिल्बेर्तो क्वेचुआत लोकांशी बोलत आणि ऐकलेले कागदावर रेखाटत. लष्कराला सुगावा लागू नये म्हणून रडणाऱ्या तान्ह्या मुलांचे तोंड कायमचे बंद करायला आयांना भाग पाडले गेले, ही साक्षही त्या चित्रांत आहे. काळ्या शाईची साधी रेघ आणि शेजारी साक्षीदाराचे शब्द, एवढेच त्या पानावर असते. २००५ मध्ये या चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्यांतल्या काही दृश्यांचे त्यांनी पुढे रेताब्लोही केले.

अशा आठवणींबद्दलची अस्वस्थता पेरूत अजून ओसरलेली नाही. आयाकुचोतल्याच सार्वा गावातल्या चित्रकारांनी लाकडी फळ्यांवर त्याच काळाची कहाणी रंगवली आहे. ती चित्रमाला लिमाच्या कला संग्रहालयाला भेट म्हणून परदेशातून आली, तेव्हा दहशतवादाचे समर्थन केल्याच्या संशयावरून तिची चौकशी झाली. २०१८ च्या सुरुवातीला यावरून मोठा गदारोळ झाला. वस्तुतः त्या फळ्यांवर सेंदेरोचे अत्याचारही लष्कराच्या अत्याचारांइतकेच ठसठशीत आहेत.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, आयाकुचोच्या रेताब्लोची कारागिरी राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाली. एदिल्बेर्तो यांची नोंद घेण्याची सवय सुटलेली नाही. कोविडच्या साथीत लिमाच्या गरीब वस्तीत पाहिलेले हाल त्यांनी चितारले, आणि ती चित्रे २०२१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.